शोभाचे तीन फोटो

खटकचिंचोळी
३ ऑक्टोबर १९८६

बाबू,

जय भीम. हे पत्र मस्कतला कधी पोचंल ठाऊक न्हाई, पण आज लिहिल्याबिगर मला बसवंना. अक्षर वाकडं आलं तर सांभाळून वाच.

तुझ्या बायकोला नाडी न्हाई.

चेष्टा करत न्हाई बाबा. तू मागच्या पत्रात लिहिलंस, शोभा ढोंग करती, काम टाळती, दुबलगुंडीला माहेरी धाडून दे. तिच्या भावाला, पिराजीला, मी निरोपसुद्धा दिला होता. पण परवा विहिरीवर पाणी शेंदताना तिचा डावा हात असा गळून खाली आला की दोर सुटला, बादली आत गेली. ती कठड्याला टेकून बसली. तोंडाचा रंग गेलेला. रेणुकाबाई शेजारी धुणं धूत होती, ती म्हणाली, "चांगुणाक्का, हिला बाहेरचं लागलंय, अंगारा आणा." मी म्हणले, "रेणुकाबाई, आम्ही छप्पन साली देव पाण्यात सोडले, आता अंगारा कुणाचा आणू?" आन् दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीनं तिला भालकीला डॉक्टर कल्लप्पांच्या दवाखान्यात नेलं.

तिथल्या सिस्टरनं दंडाला पट्टा बांधला, फुगवला, कानाला नळ्या लावल्या. पुन्हा फुगवला. मग म्हणाली, मशीन बिघडलंय. दुसरं आणलं. तेही बिघडलं! तेव्हा डॉक्टर स्वतः उठून आले. मनगट धरलं, कोपर धरलं, काखेत बोटं घातली. उजवा हात धरला, तिथं डोळे मिटून किती तरी वेळ उभे राहिले. मग सिस्टरला कानडीत हळूच म्हणाले, "नाडी सिगवल्दु." त्यांना वाटलं मला कळत न्हाई. नाडी सापडंना, म्हणाले, बाबू. शोभा माझ्यासमोर बसलेली, श्वास घेती, पापण्या हलवती, आन् नाडी सापडंना!

मी उठून तिचं मनगट धरलं. गार. पाण्यातनं काढलेल्या दगडासारखं. मी माझ्या हाताची नाडी धरून बघितली, ती धाडधाड उडायलेली. पुन्हा तिची बघितली. काही न्हाई.

शोभा माझ्याकडं बघून म्हणाली, "आत्या, मी मेलेय का?"

मी नुसतं "गप गं" म्हणले.

डॉक्टर म्हणाले, उजव्या हाताला अगदी बारीक लागती, डाव्याला न्हाईच. काळीज चांगलं चालतंय, पण तिथनं हाताकडं जाणारी मोठी रक्तवाहिनी कुठंतरी बंद पडलीय. हैदराबादला न्या, आतला फोटो काढावा लागंल.

ढोंग करणाऱ्या बाईला नाडी लपवता येती का? तूच सांग. लगेच पत्र टाक.

तुझी आई

०

हैदराबाद
१४ डिसेंबर १९८६

बाबू,

तुझं पत्र आलं न्हाई. तरी लिहायले.

आम्ही इथं मोठ्या सरकारी दवाखान्यात आहोत. संगतीला पिराजी आलाय. तो बिचारा तिला माहेरी न्यायला म्हणून निघाला होता, तो आम्हाला घेऊन इथं आला. डॉक्टरीणबाईंचं नाव रत्नम्मा. तेलुगू बाई, माझ्यासंगं दखनी बोलतात. पहिल्या दिवशीच म्हणाल्या, "अम्मा, घबराओ नक्को." पण घाबरू नको म्हणताना त्यांनीच शोभाचे दोन्ही हात धरून ठेवले होते, आन् त्यांच्या कपाळावर आठी पडली होती.

काल फोटो काढला. साधा छातीचा फोटो न्हवे. जांघेतल्या शिरेत बारीक नळी घालतात, ती आतल्या आत काळजापर्यंत सरकवतात, आन् तिच्यातनं औषध सोडतात. ते औषध रक्तासंगं पळतं आन् फोटोत दिसतं. माणूस जागाच असतो. मला बाहेर बाकड्यावर बसवलं. आतनं शोभाची हाक आली, "आत्या, आग! आग!" मी दार ढकललं. वॉर्डबॉयनं धरलं मला. नंतर कळलं, औषध सोडलं की सगळं अंग भाजल्यागत होतं, घटकाभर. पण त्या घटकेत मला वाटलं, गेली पोरगी.

संध्याकाळी रत्नम्माबाईंनी मला आत बोलवलं. उजेडाच्या काचेवर फोटो लावला. मी असं काही जन्मात बघितलं न्हवतं बाबू. बरगड्या, आन् त्यांच्या मधी काळजातनं निघालेली जाड नळी, छत्रीच्या मुठीसारखी वाकलेली. त्या मुठीतनं वर फांद्या निघतात, दोन गळ्याच्या, दोन हातांच्या. डाव्या हाताची फांदी निघती, वीतभर जाती, आन् संपती. कात्रीनं कापल्यागत. उजवीचं खोड मधीच इतकं बारीक झालंय की मला बोट लावून दाखवावं लागलं.

"तिथनं पुढं हात जगतो कसा मग?" मी विचारलं.

"आजूबाजूच्या बारक्या शिरा थोडं थोडं रक्त पोचवतात. म्हणून हात जिवंत आहे, पण काम केलं की गळतो."

वर्ष-दीड वर्ष ती म्हणत होती हात गळतो, हात गळतो. तिला बारीक ताप यायचा, ते ऊन लागल्याचं म्हणून सोडून दिलं होतं. तो ताप त्या नळीच्या भिंतीत होता. भिंत आतनं सुजती, सुजून सुजून वाट बुजवती. तरण्या बायांना होतो म्हणे हा आजार. कशानं होतो ते कुणालाच ठाऊक न्हाई. कुणाचा शाप न्हाई, कुणाला लागत न्हाई, हे मी दोनदा विचारून घेतलं.

गोळ्या दिल्यात. सुरुवातीला लई घ्यायच्या, मग कमी करत जायच्या. अधूनमधून रक्त तपासायचं. काचेच्या बारीक नळीत रक्त उभं ठेवतात, ते किती भराभर खाली बसतंय ते बघतात. भराभर बसलं तर आतली आग पेटती आहे. हळू बसलं तर निवली.

मूलबाळ होईल का, हे शोभानं विचारलं. मी न्हाई विचारलं, तिनंच. बाई म्हणाल्या, आग निवल्याशिवाय दिवस राहू देऊ नका, तुझ्या जिवाला धोका आहे.

तू तिचा नवरा आहेस. दोन ओळी तिच्या नावानं टाक.

आई

०

खटकचिंचोळी
९ जुलै १९८७

चि. बाबूलाल,

तुझं पत्र मिळालं. सुट्टी मिळत न्हाई, मुकादम सोडत न्हाई, ते समजलं. पण शोभाला एक ओळ न्हाई, ते समजलं न्हाई.

बातमी चांगली आहे म्हणून मनात राग न धरता लिहायले. बिदरला रक्त तपासलं, लागोपाठ तीन खेपा चांगलं आलं. रक्त हळू बसतंय! कल्लप्पा डॉक्टरांनी हैदराबादला विचारून गोळ्या उतरवत आणल्या, आता नावाला एक उरलीय. गोळ्यांनी तिचं तोंड भाकरीसारखं फुगलं होतं, ते उतरलं. ताप न्हाई. उडदाच्या खुरपणीला येते म्हणाली, मी येऊ दिलं न्हाई. अंगणवाडीत मात्र जायलीय, पोरांना गाणी शिकवती. हाताला नाडी अजून लागत न्हाई, ती आता लागायची न्हाई म्हणतात, पण आजार निवला.

तू विचारलंस, निवला तर मूल कधी. बाबू, आधी ये तर खरं.

तुझी मावशी सुभद्राबाई उदगीरहून आली होती. शोभाला बघून म्हणाली, "दिसती तर चांगली." तिचं ते बोलणं मला आवडलं न्हाई. कामून ते सांगता येईना.

आई

०

हैदराबाद
२२ नोव्हेंबर १९८७

बाबू,

मी कसं लिहू. मागचं सगळं पत्र खोटं निघालं, जुलैमधलं. मी खोटं लिहिलं न्हवतं, रक्तानं आम्हाला खोटं सांगितलं.

दिवाळीच्या नंतर शोभा अंगणवाडीत फळ्यावर काहीतरी लिहीत होती. मान वर केली, आन् डाव्या डोळ्यापुढं पडदा पडला. काळा. पोरांना वाटलं बाई खेळ करायल्यात. ती खडू धरून तशीच उभी. थोड्या वेळानं दिसायला लागलं, पण मग रोज व्हायला लागलं. डोकं दुखायचं, एवढं की भिंतीला टेकवून बसायची. भालकीत रक्त तपासलं. चांगलं! हाताला पट्टा बांधला, दाब कमी. मीठ घालून लिंबूपाणी द्या, म्हणाले. मी देत होते.

शेवटी पिराजीला बोलवून इथं आले. रत्नम्माबाईंनी पहिलं काम काय केलं, तर पट्टा मांडीला बांधला. आन् पारा चढायला लागला. चढतच गेला. सिस्टर त्यांच्या तोंडाकडं बघायलेली, त्या पाऱ्याकडं. पुन्हा बांधला, पुन्हा तेच. मला म्हणाल्या, "अम्मा, हिच्या हातात रक्तच जात न्हाई, मग हाताचा दाब कमीच येणार. खरा दाब हा आहे." इतके दिवस पोरगी डोकं फुटायच्या दाबावर होती आन् मी तिला मीठ घातलेलं लिंबूपाणी पाजत होते!

दुसरा फोटो काढला. या खेपेला ती ओरडली न्हाई. मला वाटतं मी ऐकत असेन म्हणून.

काचेवर दोन्ही फोटो शेजारी लावले, मागचा आन् आताचा. रत्नम्माबाईंनी बोट ठेवलं. मागच्या फोटोत गळ्याची डावी फांदी सरळ, भरलेली. आताच्या फोटोत ती मधी दोऱ्यासारखी. मग खाली पोटातलं दाखवलं. डाव्या मूत्रपिंडाकडं जाणारी शीर तोंडाशीच आवळलेली, म्हणून दाब चढलेला.

"पण रक्त तर चांगलं होतं," मी म्हणले.

"हो," त्या म्हणाल्या. "रक्त चांगलं होतं, आणि आत आजार चालूच होता. मीही रक्तावरच विसंबले."

डोळे पुसत खुर्चीत बसल्या त्या. मला म्हणाल्या, हा फोटो तरी काय दाखवतो, वाट किती उरली तेवढं दाखवतो. भिंत अजून पेटलेली आहे का, ते भिंतीचा फोटो निघाला तर कळेल, आणि तसं यंत्र आपल्याकडं न्हाई. तोवर एकच, थोड्या थोड्या काळानं फोटो काढायचा आणि शेजारी ठेवून बघायचा. नवीन जागा आवळली तर आजार चालू. न्हाई आवळली तर थांबला. रक्ताचं ऐकायचं, पण एकट्या रक्ताचं ऐकायचं न्हाई.

मग आवळलेली शीर उघडा की, म्हणले मी. त्या म्हणाल्या, उघडता येईल, नळीतनं बारीक फुगा नेऊन फुगवायचा. पण आग चालू असताना हात लावला तर पुन्हा बुजती. आधी आग थांबली पाहिजे. गोळ्या पुन्हा वाढवल्यात, दुसरंही एक कडक औषध दिलंय, दाबाच्या गोळ्या वेगळ्या.

डाव्या डोळ्याची नजर अंधुक झालीय. ती परत येणार न्हाई.

शोभानं मला विचारलं, "आत्या, डॉक्टरीणबाई कामून रडल्या?" मी म्हणले, सर्दी झालीय त्यांना.

बाबू, आता तरी ये. पगार बुडू दे, नोकरी जाऊ दे. तिला काही झालं तर तोंड कुठं दाखवशील?

आई

०

खटकचिंचोळी
२० जानेवारी १९८८

बाबूलाल,

हे पत्र मस्कतला धाडत न्हाई. उदगीरला धाडायले. पत्ता बरोबर आहे ना?

सोमवारी मी भालकीच्या मोटार स्टँडवर होते, शोभाच्या गोळ्या घेऊन. आपल्या गावचे कापडवाले जगदेवप्पा भेटले. ते माल घ्यायला उदगीरला जातात. मला बघून हसत आले, "काय चांगुणाक्का, पोराच्या लग्नात दिसला न्हाईत! मला तर रस्त्यात धरून जेवायला बसवलं. बुंदी चांगली होती."

मी म्हणले, "कुणाच्या?"

"तुमच्या बाबूलालच्या. सुभद्राबाईच्या पुतणीसंगं. तुम्ही सुनेला घेऊन हैदराबादला गेलाव म्हणले. म्हणूनच तेवढ्यात उरकलं असंल."

त्यांना वाटलं मला ठाऊक आहे. माझं तोंड बघून त्यांचं हसू गेलं. "अक्का, बसा, बसा," म्हणायले. मोटार लागली, सुटली, मी बसलेच न्हाई. दुसरीही सोडली. माझ्या हातात गोळ्यांची पुडी होती आन् ती मला कुणाची तेच आठवंना.

तू आला होतास बाबू. सुट्टी मिळाली होती तुला. समुद्र ओलांडून उदगीरपर्यंत आलास, आन् पुढचा तासा-दोन तासाचा रस्ता तुला झाला न्हाई. तिकडं शोभा टेबलावर पडलेली, जांघेत नळी घालून, आन् इकडं तुझ्या अंगाला हळद. माझी सख्खी बहीण अक्षता टाकायली. मी तिच्या पोटात काय आहे ते ओळखलं न्हाई.

तुझ्या बापानं मरताना मला एवढंच सांगितलं होतं, पोराला शिकव. शिकवलं की मी! मग हे कुठं शिकलास?

शोभाला सांगितलं न्हाई. डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, दाब चढता कामा नये, धक्का बसता कामा नये. ती अंगणात बसून तांदूळ निवडायलीय, एका डोळ्यानं, ताट अगदी जवळ घेऊन. मला विचारती, आत्या, तुम्ही जेवत कामून न्हाई? मी सांगते, दात दुखतोय.

मला पत्र टाकू नकोस. तिनं वाचलं तर.

चांगुणाबाई

०

खटकचिंचोळी
१७ मार्च १९८९

बाबूलाल,

वर्ष उलटून गेलं, मी लिहिलं न्हाई. तुझं पत्र आलं म्हणून उत्तर द्यायले. ते शोभानंच पोस्टमनकडनं घेतलं आन् न फोडता माझ्या हातात दिलं.

आधी तिचं सांगते, तू विचारलं न्हाईस तरी.

गेल्या महिन्यात तिसरा फोटो काढला. मी हैदराबादला निघताना विहारात सगळ्यांसंगं वंदना म्हटली, पण मन जागेवर न्हवतं. फोटो काचेवर लागला तेव्हा मी मान खाली घातली. म्हणले, बाई, आधी तुम्ही बघा. रत्नम्माबाई तिन्ही शेजारी लावून बघायल्या. एक फोटो, दुसरा, तिसरा, पुन्हा पहिला. मला वाटलं झालं, संपलं. आन् त्या मोठ्यानं म्हणाल्या, "अम्मा, इधर देखो!"

नवीन कुठंच आवळलेलं न्हाई बाबू. गळ्याची शीर होती तेवढीच. पोटातली होती तेवढीच. आन् डाव्या खांद्याभोवती बारक्या बारक्या शिरांचं जाळं झालंय. मागच्या फोटोत तुटक दिसायच्या, आता भरल्यात, हाताकडं रक्त न्यायल्यात. आजार थांबलाय. मेला म्हणता येत न्हाई, त्या म्हणाल्या, पण थांबलाय. आन् थांबलाय म्हणून त्याच आठवड्यात मूत्रपिंडाच्या शिरेत फुगा घालून ती उघडली. दुसऱ्या दिवशी मांडीचा दाब बघून तीच सिस्टर पळत सांगायला आली मला. मला तिथं उभ्या उभ्या हुंदका फुटला. दोन वर्षं माझ्या डोळ्याला पाणी न्हवतं.

घरी आलो तर पिराजी थांबलेला. म्हणाला, "शोभाअक्काला आता मी नेतो. इथं तिचं कोण आहे?" शोभासमोर म्हणाला. मी त्याला डोळ्यानं गप बस म्हणायले. तर शोभा म्हणाली, "आत्या, त्याला गप करू नका. मला ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"उदगीरचं. पिराजीनं मला तेव्हाच सांगितलं होतं, लग्नाचं त्याच्या कानावर आलं तसं."

मी खाली बसले. "मग तू बोलली कामून न्हाईस गं?"

"तुमचा एकुलता पोरगा आहे तो. तुम्हाला धक्का बसला असता. तुमचं वय झालंय."

सबंध वर्ष! एका चुलीसमोर बसून मी तिच्यापासनं चोरलं आन् तिनं माझ्यापासनं. दाब तिचा होता, औषध तिला होतं, आन् सांभाळत होती ती मला. मी रागानं तिच्या पाठीत एक धपाटा घातला, आन् मग तिच्या गळ्यात पडले. पिराजी बिचारा पिशवी धरून उभाच.

मी म्हणले, "पोरी, जा तू भावासंगं. त्याचं बरोबर आहे. इथं तुला नवरा न्हाई."

ती म्हणाली, "नवऱ्यासाठी मी कधीच नांदायचं सोडलंय, आत्या. मी इथं राहते. माझी अंगणवाडी इथं आहे. तुम्ही इथं आहात. तुम्ही हाकलून दिलं तरच जाते."

पिराजी जेवून एकटाच दुबलगुंडीला गेला. जाताना माझ्या पाया पडला.

आता तुझ्या पत्राचं. तू लिहिलंस, तिकडं तुझ्या नव्या बायकोला दिवस गेलेत, वैशाखात बाळंत होईल. आई, तू उदगीरला राहायला ये. शोभाला माहेरी धाड, म्हणजे गावचं घर पाडून पक्कं बांधता येईल.

बाबू, नातवंडाचं वाचून माझा जीव हलला, हे तुझ्यापासनं लपवत न्हाई. त्या पोरीवर माझा राग न्हाई, तिला काय सांगून दिली कुणास ठाऊक. बाळंतपणाला मी येईन. बाळाला न्हाऊ घालीन, तुझ्या बायकोला डिंकाचे लाडू करून घालीन. शोभानंच आठवण केली, डिंक आतापासनं आणून ठेवा म्हणाली. सुभद्राबाईच्या घरचं पाणी मात्र पिणार न्हाई.

आन् मग मी घरी परत येईन. पुन्हा फोटो काढायचाय, दर वर्षी काढायचाय, आन् तिच्यासंगं मी जाणार. घर पाडायचं न्हाई. ते आता शोभाचं आहे. मागच्या पौर्णिमेला विहारात सगळ्यांसमोर मी तसं उभं राहून सांगितलंय, आन् कुणी न्हाई म्हटलं न्हाई.

तुला इकडं यायचं असंल तर ये. पाहुण्यासारखं बाहेरनं हाक मार. ती दार उघडंल.

तुझी आई
चांगुणाबाई